गाळणी कोणी धुवायची?

मालवण-तारकर्लीच्या बाजूला आता पुष्कळ घरांतून वातानुकूलन यंत्रे दिसतात. पर्यटकांसाठी काढलेल्या खोल्यांतून तर ती हमखास असतात. यंत्र घेताना किंमत, त्यावरचे तारे यांची चर्चा होते. आतल्या गाळणीची मात्र कुणी चौकशी करीत नाही. मग ऐन मे महिन्यात यंत्रातून पाणी ठिबकू लागते, खोली गार होईना होते आणि ‘गॅस संपला असेल’ म्हणून कारागिराला निरोप जातो.

वास्तविक गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो. गळती नसेल तर तो संपायचे कारणच नाही. पुष्कळदा दोष असतो गाळणीचा. यंत्राचे झाकण उचलले की प्लॅस्टिकची जाळी दिसते, तीच ही. कपड्यांचे तंतू, केस, जांभ्याची तांबडी धूळ तिच्यात अडकते. जाळी बुजली की आतल्या थंड नळ्यांवरून हवा कमी वाहते. नळ्यांना खोलीतली उष्णता पुरेशी मिळत नाही, त्यांचे तपमान शून्य अंशाखाली उतरते आणि हवेतले बाष्प त्यांच्यावर बर्फ होऊन बसते. आमच्या किनाऱ्यावर बाष्पाला काय तोटा! पुढे तोच बर्फ वितळून भिंतीवर ओघळतो. विजेचे बिल येते ते येतेच.

माझे मत असे की, ही जाळी धुणे हे कारागिराचे काम नव्हे, घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींचे आहे. घरच्यांना सांगून यंत्राचा खटका बंद करा, जाळी काढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा. कडक उन्हात प्लॅस्टिक वाकते. यंत्र रोज चालत असेल तर पंधरवड्यातून एकदा. पावसाळ्यात ती ओलीच बसवली तर बुरशी धरते, म्हणून रात्रभर पंख्याखाली ठेवावी. धुण्यापूर्वी व नंतर यंत्राच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून ती किती उडते ते पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर सांगावा.

जाळी बारीक तितकी चांगली, असे समजून तिच्यावर कापड मात्र लावू नका. हेपा जातीची गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते खरी, पण तिच्यातून हवा ढकलायला तसाच जोरदार पंखा लागतो. घरच्या यंत्रात पुन्हा बर्फच धरेल. चुलीच्या धुराचे कण तर आपल्या जाळीतून सहज निसटतात. शिवाय भिंतीवरचे हे यंत्र बहुधा खोलीतलीच हवा फिरवते. श्वासातला कार्बन डायॉक्साइड कोणतीही जाळी काढत नाही. त्याला खिडकीच उघडावी लागते. पाहुणे गेल्यावर चादरी बदलतात, तेव्हाच खिडकी उघडून जाळीही काढून पाहिली तर त्यासाठी निराळा वेळ लागणार नाही.