दंड हवा, दांडगाई नको

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी घट्ट धरली. अंगावर गोळ्या झेलल्या, पण पकड सोडली नाही. त्यांच्या हौतात्म्यामुळेच कसाब जिवंत हाती लागला. पुढे दोन सूर उमटले. 'खटल्याचे लाड कशाला, भरचौकात लटकवा' हा एक. 'फाशीच नको' हा दुसरा. दोघांनाही न्यायाचे मर्म उमगले नव्हते.

आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयाने कसाबला वकील दिला, साक्षीपुरावे तपासले आणि ६ मे २०१० रोजी फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. दोन्ही निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी झाली. कठोरता आणि विवेक एकाच न्यायासनावर नांदू शकतात, याचा याहून सबळ दाखला कोणता?

याउलट ११ जुलै २००६ चे लोकल स्फोट पाहा. माटुंगा रोड, माहीमसह सात ठिकाणी रक्ताचे सडे पडले. २०१५ मध्ये 'मकोका' न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ती सारी दोषसिद्धी रद्द केली. कबुलीजबाब कसोटीस उतरले नाहीत. राज्य सरकारने त्यास आव्हान दिले खरे. पण एकोणीस वर्षांनी मृतांच्या कुटुंबीयांच्या पदरात काय पडले? कायदा कठोर होता, तपास काटेकोर नव्हता!

बेलगाम सत्तेची कठोरता कशी असते, हे आणीबाणीत 'मिसा'खाली विनाचौकशी तुरुंगवास भोगलेल्या कार्यकर्त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगायला नको. त्यांनी तरी पोलिसी दांडगाईला टाळ्या वाजवू नयेत.

म्हणून दंड बोथट करावा काय? मुळीच नाही. १२ मार्च १९९३ रोजी दादरच्या प्लाझा चित्रपटगृहासह मुंबईत ठिकठिकाणी स्फोट झाले, २५७ बळी गेले. विशेष न्यायालयाचा निकाल सुरू व्हायला २००६ चा सप्टेंबर उजाडला. असा विलंब ही गुन्हेगाराला दिलेली छुपी माफीच होय.

कौटिल्याने तीक्ष्ण आणि मृदू हे दोन्ही दंड नाकारून यथार्हदंडाचा, म्हणजे अपराधाला साजेशा दंडाचा, पुरस्कार केला. तो हवा असेल तर शास्त्रशुद्ध तपास आणि वेळेत निकाल, या दोन गोष्टींसाठी समाजाने शासनाला धारेवर धरले पाहिजे. ओंबळे यांनी आपले कर्तव्य प्राण देऊन पूर्ण केले. शासनाकडे तर केवळ चोख कामाचीच मागणी आहे!