फुलं संपल्यावर

परवा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा येताना माझ्यासाठी एक डबा घेऊन आला. चॉकलेटचा नव्हे. युनिव्हर्सल स्टुडिओच्या चार जुन्या भयपटांच्या फोर-के डिस्कचा. ड्रॅक्युला, फ्रँकेनस्टाइन, द इनव्हिजिबल मॅन आणि द वुल्फ मॅन. हा संच २०२१ सालीच निघाला होता, म्हणजे मी तसा उशिराच जागा झालो. बायकोनं डबा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या लांबून मागवलंस ते हे? भुतं?"

हो, भुतं. आणि त्यातही मला घाई होती ती एकाच सिनेमाची, जेम्स व्हेलच्या १९३१ सालच्या 'फ्रँकेनस्टाइन'ची. बाकीचे तीन यथावकाश.

(एक खुलासा आधीच करून टाकतो. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्या माणसाचं आहे. राक्षसाला नावच नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत तर नटाच्याही नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे, बोरिस कार्लॉफ हे नाव येतं ते शेवटच्या यादीत. तेही खरं नव्हेच. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, लंडनचा. त्याचे वडील आपल्याकडे, म्हणजे ब्रिटिश अमदानीत, सरकारी मीठ खात्यात नोकरीला होते. असो.)

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. कॉपीची कॉपी केलेली कॅसेट. चित्र मधूनच वर सरकायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तरीही घाबरलो, व्यवस्थित घाबरलो. त्यातला एक प्रसंग तर कायमचा डोक्यात बसला. तळ्याकाठी एक लहानगी मुलगी एकटीच खेळते आहे. राक्षस येतो. तिच्या दिशेनं दोन्ही हात पुढे करतो... आणि खटकन दृश्य बदलतं. मग थोड्या वेळानं तिचा बाप तिचं प्रेत दोन्ही हातांवर घेऊन गावातून चालत येतो. गावात लग्नाचा जल्लोष चाललेला, आणि तो जसजसा पुढे येतो तसतसा एकेक जण गप्प होत जातो.

मधल्या वेळात काय झालं? काहीच सांगितलेलं नाही. मग बारा-तेरा वर्षांच्या पोरानं जे समजायचं ते मी समजलो. तुम्हीही तेच समजला असतात.

आता डिस्कबद्दल. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मी गोष्ट पाहतच नव्हतो, नुसता पडदा पाहत होतो. स्मशानातल्या त्या पहिल्या दृश्यात मागचं आभाळ म्हणजे रंगवलेला पडदा आहे आणि त्याच्या चुण्या स्वच्छ दिसतात! आमच्या कॅसेटवर ते खरंच ढगाळ आभाळ वाटायचं. दुरुस्ती करणाऱ्यांना वाटलं असतं तर आजच्या काळात त्या चुण्या पुसणं काहीच अवघड नव्हतं. त्यांनी पुसल्या नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. जुना सिनेमा दुरुस्त करणं म्हणजे त्याला सुधारणं नव्हे, जे होतं ते परत आणणं. फिल्मचे बारीक कणही तसेच ठेवलेत. नाहीतर काही जुन्या सिनेमांच्या नव्या प्रतींत माणसं मेणाची वाटतात.

आणि कार्लॉफचा चेहरा! जॅक पिअर्सच्या त्या मेकअपबद्दल खूप ऐकलेलं असतं. चौकोनी कपाळ, मानेतले बोल्ट वगैरे. आता तर ते लहान मुलांच्या दप्तरावरही असतं. पण पापण्यांवर चढवलेल्या मेणामुळे अर्धवट मिटलेले ते डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. झोपेतून कुणीतरी दरादरा ओढून उठवल्यासारखे. तो खोलीत येतो तो पाठमोरा, मग हळूच वळतो, आणि कॅमेरा तीन टप्प्यांत त्याच्या तोंडापाशी जातो. पार्श्वसंगीत नाही. अख्ख्या सिनेमात जवळपास नाहीच. मग फ्रँकेनस्टाइन छताची झडप उघडतो, वरून उजेड येतो, आणि हा दोन्ही हात वर करून तो उजेड धरायला बघतो. झडप बंद झाल्यावर रिकामे हात पुढे करून उभा राहतो. एवढं पाहिलं आणि मी रिमोट बाजूला ठेवला.

एव्हाना आतल्या खोलीतून आई येऊन बसली होती. वय वर्षं एक्याऐंशी. तिला इंग्रजी कळत नाही, पण या सिनेमाला भाषा लागते कुठे.

तो तळ्याकाठचा प्रसंग आता पुरा आहे. मध्यंतरी कुठेतरी तसं वाचलं होतं, पण सिनेमा परत पाहायचा राहूनच गेला होता. झालं होतं असं, की १९३१ मध्ये सिनेमा आला तेव्हाच अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉरनी त्याला कात्री लावली होती. पुढे १९३४ पासून हॉलिवुडची नियमावली कडक झाली आणि सिनेमा पुन्हा प्रदर्शित करायची वेळ आली तेव्हा बरंच काही गेलं. राक्षस जिवंत झाल्यावर फ्रँकेनस्टाइन आनंदाच्या भरात स्वतःची बरोबरी देवाशी करतो, ते वाक्य ढगांच्या गडगडाटात बुडवलं. आणि मुलगी पाण्यात पडते तो भाग उडवला. तो तुकडा १९८० च्या दशकात ब्रिटनच्या चित्रपट संग्रहात सापडला आणि परत जोडला गेला. आमच्या कॅसेटपर्यंत अर्थातच पोचला नव्हता.

तर त्या पुऱ्या प्रसंगात काय आहे? मुलगी त्याला घाबरत नाही. त्याचा हात धरून त्याला काठावर बसवते, अर्धी फुलं त्याला देते. तो हसतो. सबंध सिनेमात त्याला असं हसताना आपण इथेच पाहतो. ती एक फूल पाण्यात टाकते, ते तरंगतं. तोही टाकतो, तेही तरंगतं. मग फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो. मग मुलीकडे बघतो. तिला उचलतो आणि पाण्यात टाकतो.

ती वर येत नाही. हा बावचळतो आणि भेलकांडत झाडीत निघून जातो.

"अरे देवा," आई म्हणाली, "त्याला वाटलं ती पण तरंगेल."

बस्स. हेच. ज्यांनी हा तुकडा कापला त्यांना वाटलं आपण भीती कमी करतोय. उलट त्यांनी एका अजाण जिवावर आयुष्यभराचा आळ घेतला. अपघाताचा गुन्हा केला, आणि गुन्हा कोणता ते प्रेक्षकाच्या मनावर सोडलं. प्रेक्षकाचं मन अशा कामात कुठल्याही दिग्दर्शकाच्या पुढे असतं.

एवढंच नाही. सिनेमाची मला सगळ्यात कच्ची वाटणारी बाजू म्हणजे तो मेंदूचा प्रकार. फ्रँकेनस्टाइनचा नोकर चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. म्हणजे हा जन्मतःच वाईट, संपलं. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या कादंबरीत असलं काही नाही. तिथे तर हा बुडणाऱ्या एका मुलीला पाण्यातून ओढून बाहेर काढतो, आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. सिनेमानं ते उलटं केलं. तरी तळ्याचा प्रसंग पुरा पाहिला की तो बरणीतला मेंदू खोटा पडतो. प्रसंग कापला की तोच मेंदू खरा ठरतो. जेमतेम सत्तर मिनिटांच्या सिनेमातला एवढासा तुकडा, पण तो असला-नसला की सिनेमाचं म्हणणंच बदलतं.

त्यानं मुलीला असं टाकावं हे खुद्द कार्लॉफलाही पटलं नव्हतं म्हणतात, व्हेलनं मात्र हट्ट सोडला नाही. इथे मी व्हेलच्या बाजूनं. लहान मुलाचा मृत्यू डोळ्यांसमोर बघणं कुणालाच सोसत नाही, मान्य. मलाही सोसलं नाही. पण न दाखवून ती मुलगी वाचत नाही ना. ती तशीही मेलेलीच असते.

सिनेमा पुढे चालू होता आणि मला एकदम आमच्या वाड्यातला मोठ्या आठवला. म्हणजे सगळे त्याला मोठ्याच म्हणायचे. पंचविशीचा, धिप्पाड, बोलणं अडखळतं आणि फारसं न कळणारं. संध्याकाळी तो नळापाशी येऊन उभा राहिला की आमच्या आया आम्हाला हाका मारून घरात घ्यायच्या. का, ते कधी सांगितलं नाही. आम्ही पोरांनी मग आपापसांत ठरवून टाकलं होतं. काय काय ठरवलं होतं ते इथे लिहवत नाही.

मी आईला विचारलं, "आई, मोठ्यानं काय केलं होतं गं?"

ती जरा वेळ टीव्हीकडेच बघत राहिली. "कुठं काय केलं होतं? खालच्या बिऱ्हाडातलं बाळ घेऊन गेला होता एकदा. कोपऱ्यावर बँड वाजत होता तो दाखवायला. तासाभरानं आणून ठेवलं परत. पण त्या तासात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"लहान होतात. घाबरला असतात."

मोठ्याला पुढे गावी पाठवून दिलं होतं. ते मला आठवत होतं. वाड्यातल्या चार बायकांनी त्याच्या घरी जाऊन तसं सांगितलं होतं आणि त्या चौघींत आई होती, हे मात्र परवा कळलं. तिनं आपणहून सांगितलं. मी काही बोललो नाही.

पडद्यावर तोवर मशाली घेतलेला जमाव पवनचक्कीपाशी पोचला होता. त्यांनी ती पेटवली. फोर-केमध्ये ती आग विलक्षण दिसते, काळ्यापांढऱ्यात असूनही गरम वाटते. आत तो वाट शोधत इकडून तिकडे धावतो. लहानपणी याच ठिकाणी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"मेला का रे तो?" आईनं विचारलं.

"नाही. चार वर्षांनी दुसरा भाग काढला त्यांनी. त्यात वाचतो. थोडंफार बोलायलाही शिकतो."

"मग तो लाव की."

तो या डब्यात नाही. भाऊ पुढच्या आठवड्यात परत जातोय. त्याच्या यादीत मेतकूट आणि भाजणीच्या खाली मी माझं एक नाव लिहून ठेवलंय.