नजरगहाण की ताबेगहाण?

शनिवार-रविवार वेरूळला घरी आलोय. घृष्णेश्वराकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "फ्लॅट गेला का रे भाड्यानं?"

"नाही अण्णा. बँकेची परवानगी यायचीये."

"घर तुझं, हप्ता तू भरतो, अन् बँकेला कामून विचारायचं?"

या 'कामून'चं उत्तर शोधण्यात माझे दोन महिने गेलेत, म्हणून आज त्यावरच लिहितोय.

झालं असं, की वर्क फ्रॉम होमच्या काळात, २०२१ साली, मी पडेगावला टू बीएचके घेतला. वेरूळचा रस्ता तिथूनच जातो, म्हणजे घरी यायला सोपं. पुढे ऑफिसने सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं. आता हिंजवडीत भाडं भरतोय, पडेगावचा हप्ता भरतोय आणि फ्लॅटला कुलूप आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या एका सरांना फ्लॅट आवडला, भाडं ठरलं. सहज म्हणून लोनचं ॲग्रीमेंट उघडलं. (हो, सही केल्यानंतर पहिल्यांदाच. तुम्ही तुमचं वाचलंय? :) ) त्यात कलम सापडलं: बँकेच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय घर भाड्याने, लिव्ह अँड लायसन्सवर किंवा इतर कुठल्याही प्रकारे दुसऱ्याच्या ताब्यात देता येणार नाही.

अर्ज दिला. पंधरा दिवसांनी शाखेतले साहेब म्हणाले, "सर, याचा असा फॉर्मच नाहीये." महिन्याने कळलं, "लीगलकडे पाठवलंय." कैलास लेणं वरून खाली खोदत आणलंय; आमचा अर्ज खालून वर निघाला आणि मध्येच कुठेतरी खडकात अडकला. आठव्या आठवड्यात सरांनी दुसरं घर बघितलं. त्यांचं काय चुकलं? शाळा काही बँकेसाठी थांबत नाही.

मित्र म्हणतात, "विचारलंसच कशाला? सगळे गुपचूप देतात." देतात, मान्य. पण त्यातली जोखीम आपल्याइतकीच भाडेकरूवर जाते. उद्या माझी नोकरी गेली, हप्ते थकले आणि बँकेने २००२च्या सरफेसी कायद्याखाली घर ताब्यात घ्यायचं ठरवलं, तर त्या सरांच्या हातात काय? २०१४ साली हर्षद सोंडागर खटल्यात सुप्रीम कोर्टाने भाडेकरूचं संरक्षण मान्य केलं, पण ते कायद्याला धरून झालेल्या भाडेकरारापुरतं. ज्या माणसाने वेळेवर भाडं दिलं, त्याला माझ्या लपवाछपवीची शिक्षा का?

तर मुद्दा कायद्याचा. आपल्याकडे गहाणाचे दोन जुने प्रकार घरोघरी माहीत आहेत. ताबेगहाणात जमीन सावकाराकडे जाते, तो पीक खातो आणि ते व्याजात धरलं जातं. नजरगहाणात ताबा आपल्याकडेच राहतो, सावकाराची नुसती नजर. आजोबांनी शेत नजरगहाण ठेवलं होतं. अण्णा सांगतात, सावकार व्याजाला एक दिवस सोडायचा नाही, पण यंदा ज्वारी पेरायची की कापूस, हे त्याने कधी विचारलं नाही. होम लोन हे या दुसऱ्या जातीचं: कागद बँकेकडे, ताबा आपल्याकडे. मग व्याजही पूर्ण घ्यायचं आणि ताब्यावर हुकूमही चालवायचा, हा कुठला न्याय? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

कायद्याने याचा विचार केलेला नाही असंही नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. ज्याच्याकडे ताबा आहे तो कर्जदार गहाण घर भाड्याने देऊ शकतो. अटी साध्या: वाजवी भाडं घ्या, पागडी किंवा आगाऊ भाडं घेऊ नका, करार तीन वर्षांच्या आतला ठेवा, नूतनीकरणाचं वचन देऊ नका. म्हणजे बँकेची काळजी तेव्हाच घेतली गेली. फक्त शेवटी एक फट ठेवली: करारात वेगळं लिहिलं असेल तर हे लागू नाही. आणि बँकांच्या छापील करारात वेगळंच लिहिलेलं असतं. जो मसुदा मला बदलता येत नाही, त्यावरच्या सहीला 'तुमची संमती' म्हणायचं.

बँकेची भीती अगदीच खोटी नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखाली घरात शिरलेला भाडेकरू निघत नसे. १ फेब्रुवारी १९७३ला राहत असलेल्या लायसन्सधारकांनाही दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. पण त्या कायद्याची जागा १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. त्यात करार लेखी आणि रजिस्टर्ड असणं मालकावर बंधनकारक आहे, आणि लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत घ्यायची वेगळी तरतूद आहे. सरफेसीत तर रेषाच आखलेली आहे: हप्ते थकून कलम १३(२)ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही. म्हणजे कायदा संमती मागतो ती नोटिशीनंतर. बँक ती पहिल्या दिवसापासून मागते, एकही हप्ता न चुकवणाऱ्याकडूनही.

वेरूळात वाढलेल्या माणसाला परवानगीचं वावडं नाही. लेण्यांपासून १०० मीटरच्या आत बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी. त्रास होतो, पण कारण समजतं आणि अंतर टेपने मोजता येतं. बँकेच्या परवानगीचं अंतर कशाने मोजायचं? किती दिवसांत उत्तर, नकार कशावरून, काहीच नाही.

"करार म्हणजे करार" हेही फार ताणू नका. फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरले तर दंड, हेसुद्धा करारातच असायचं. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली ते बंद केलं. कर्ज फिटल्यावर कागद परत द्यायला बँका वेळ लावायच्या. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने ३० दिवसांची मुदत घातली. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. घड्याळ लावलं की काम होतं, हा आम्हा प्रोग्रामर लोकांचा जुना अनुभव. टाइमआउट नसलेली रिक्वेस्ट लटकतेच!

म्हणून मागणी एवढीच. हप्ते वेळेवर असतील, करार रजिस्टर्ड आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर बँकेला कळवणं पुरे असावं. हरकत असेल तर बँकेने ३० दिवसांत लेखी कारण द्यावं. नाही दिलं तर संमती धरली जावी. हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधीत हेच तत्त्व आहे: भाडेकरू ठेवताना कळवा, परवानगीची गरज नाही.

तोवर तुम्ही काय करायचं? नवं लोन घेत असाल तर सहीच्या आधी हे कलम शोधा आणि परवानगीची मुदत लेखी मागा. लोन चालू असेल तर गुपचूप देऊ नका. अर्ज करा, पोच घ्या, आठवण द्या, बँकेच्या तक्रार विभागात जा. आपण सगळेच गप्प राहून देतो, म्हणून बँकेला 'अशी मागणीच येत नाही' म्हणता येतं.

असो. उद्या सकाळी पडेगावला थांबून खिडक्या उघडून येणार आहे, भिंतीला ओल धरलीये. अण्णा म्हणाले, "सावकार बरा होता. त्याला निदान तोंड होतं."