घरचा दवाखाना : पुन्हा टेबलावर जाण्यापूर्वी

दिवाळी अंक म्हटला की कथा, व्यंगचित्रे, राशिभविष्य. त्यात हे पोटाचे दुखणे कशाला, असे कुणी म्हणेल. पण सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे आणि त्याचे उत्तर संक्रांतीच्या पुढे ढकलता येण्यासारखे नाही. शिवाय हे दुखणे ज्या घरी आहे त्या घरी ते फार दबक्या आवाजात बोलले जाते, म्हणून चार घरांत मिळून वाचल्या जाणाऱ्या अंकातच ते आलेले बरे.

त्या लिहितात : "आमच्या ह्यांचे तीन वर्षांपूर्वी मलाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण शौचाची नेहमीची वाट कायमची बंद झाली आणि पोटावर डाव्या बाजूला पिशवी आली. तिचीही सवय झाली. आता वर्षभर पिशवीशेजारी फुगवटा आला आहे, तो वाढतोच आहे. पिशवी नीट चिकटत नाही, पाहुण्यांदेखत गळते. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, त्रास फार असेल तर ऑपरेशन करू. मुलगा म्हणतो, एकदाचे करून टाका. मला थिएटरबाहेरच्या त्या बाकावर पुन्हा बसण्याचा धीर नाही. आणि हे म्हणतात, संक्रांतीच्या आत झालेच पाहिजे."

संक्रांतीच्या आत का, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या अडुसष्ट लिंगांना जातात, भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा होतो. हे नंदीध्वज म्हणजे उंचच उंच, जड काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेली माणसे त्या आळीपाळीने कमरेच्या आणि पोटाच्या जोरावर तोलून धरतात. बाईंचे यजमान ऐन उमेदीत त्यातले एक होते. आजारानंतर ते नुसते मिरवणुकीबरोबर चालत. गेल्या वर्षी पिशवी गळेल या धास्तीने तेही राहिले.

तेव्हा पत्रातला प्रश्न हर्नियाचा असला तरी खरी गाठ त्या काठीशी आहे. तिच्याकडे येतोच. आधी पोटात काय झाले आहे ते पाहू.

आतड्याचे तोंड पोटावर काढायचे, म्हणजेच स्टोमा करायचा, तर पोटाच्या स्नायूंच्या भिंतीला सर्जनला मुद्दाम भोक पाडावे लागते. कापडाच्या गावच्या माणसाला हे चटकन कळेल. चांगल्या घट्ट विणीच्या चादरीला मधोमध काजे पाडले आणि ती चादर रोज ताणली, तर काजाच्या कडा सैल पडणारच. पोटाची भिंत तर प्रत्येक खोकल्यागणिक, प्रत्येक शिंकेगणिक ताणली जाते. भोक रुंदावते आणि स्टोमाच्या शेजारून आतड्याचे दुसरे वेटोळे कातडीखाली येऊन बसते. हाच तो अंतर्गळ, म्हणजे हर्निया.

यजमानांना वाटते की आपलेच काही चुकले. तसे मुळीच नाही. युरोपातील हर्निया-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जी मार्गदर्शक सूत्रे छापली, त्यांत वर्षभरात शंभरातील तीसहून अधिक आणि पुढे निम्म्या किंवा त्याहून अधिक स्टोमाधारकांना असा हर्निया होतो असे म्हटले आहे. वय, वजन, जुना खोकला, तंबाखू आणि ओझे उचलणे यांनी त्याला हातभार लागतो.

ओझ्यावरून आठवले. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि येते तेव्हा घरोघर पिंपे, बादल्या, हंडे यांची एकच धांदल उडते. बाई लिहितात, "पाणी अजून हेच भरतात, मला हात लावू देत नाहीत." भगिनी, ही माया समजते, पण भरलेली कळशी उचलताना पोटावर जो दाब येतो तो त्याच काजावर येतो. ऑपरेशन होवो न होवो, हे काम आजपासून मुलाकडे द्या. करून टाका म्हणणाऱ्याने पाणीही भरून टाकावे.

आता मुख्य गोष्ट. फुगवटा दिसतो म्हणून ऑपरेशन केलेच पाहिजे असे नाही. झोपल्यावर आत जाणारा, न दुखणारा हर्निया घेऊन कितीतरी माणसे वर्षानुवर्षे आपापली कामे करतात. मात्र फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईना, पोटात असह्य कळा आल्या, उलट्या सुरू झाल्या, पिशवीत मळ आणि वारा येणे थांबले, किंवा एरवी लालगुलाबी असणारे स्टोमाचे तोंड काळेनिळे पडले, तर उजाडण्याची वाट पाहू नये. आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याची ती खूण आहे. रात्री दोन वाजता असले तरी १९६३ साली सुरू झालेल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचे सरकारी रुग्णालय गाठावे किंवा जवळच्या सर्जनला उठवावे. इथे संकोच म्हणजे जिवाशी खेळ.

यजमानांचे तसे नाही. त्यांचा त्रास गळण्याचा आहे, आणि आधी त्याच्यावरच उपाय करावेत. कातडी फुगीर झाली की सपाट तळाची पिशवी तिच्यावर बसत नाही; तिच्याऐवजी वाकणाऱ्या तळाची पिशवी लागते, कडेला लेप किंवा कडी लागते. स्टोमाचे मापही बदललेले असते, तेव्हा जुन्याच मापाने भोक कापत राहिलात तर गळणारच. हर्नियासाठी रुंद पट्टाही मिळतो, पण तो माप घेऊन घ्यावा आणि सकाळी आडवे असतानाच, फुगवटा आत असताना बांधावा. उभे राहून आवळलेला पट्टा नुसता खुपतो. हे सारे शिकवणाऱ्या परिचारिका आपल्याकडे थोड्या. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमाची वेगळी व्यवस्था आहे, आणि १९७५ पासून ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईतच हे काम करते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई. एवढ्या एका फेरीने कित्येकांचे ऑपरेशन टळलेले आहे.

आणि नाहीच टळले तर? रोजचे दुखणे, वरचेवर अडकणे, काही केल्या न थांबणारी गळती, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रिया करणेच शहाणपणाचे. पण "एकदाचे करून टाका" हे चिरंजीवांचे वाक्य इथे लागू पडत नाही, कारण हे दुखणे एकदाचे जाईलच याची हमी कुठलाच सर्जन देत नाही. नुसते टाके घालून भोक लहान करण्याची जुनी पद्धत फार फसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात टाक्यांनंतर दर दहांतल्या सुमारे सात जणांना हर्निया परत झालेला आढळला. स्टोमा उचलून उजवीकडे नेला तर तिकडे नवे काजे पडते आणि जुन्या जागीही कमजोरी उरते. म्हणून आता जाळी बसवतात. तिच्यात दोन प्रकार मुख्य. एकात जाळीला मध्ये भोक ठेवून त्यातून आतडे बाहेर काढतात. दुसरा अमेरिकन सर्जन पॉल शुगरबेकर यांनी १९८० च्या दशकात मांडला (नावात साखर आणि बेकरी असली तरी माणूस पोटाचा सर्जन). त्यात जाळी अखंड असते. आतडे जाळी आणि पोटाची भिंत यांच्यामधून आडवे सरकवून बाहेर आणतात, पाकिटात कागद कडेने सरकवावा तसे. त्याच आढाव्यात दुर्बिणीतून केलेल्या या दुसऱ्या पद्धतीत हर्निया परतण्याचे प्रमाण पहिलीपेक्षा बरेच कमी निघाले. तरी शून्य नव्हे. जाळीत जंतू शिरणे, ती आतड्याला चिकटणे, हे धोकेही ध्यानात ठेवावे लागतात.

म्हणून सर्जनसमोर बसाल तेव्हा दोघांनी बसा, आणि हे विचारायला लाजू नका : जाळी कोणती आणि कुठल्या पद्धतीने, दुर्बिणीतून की पोट उघडून? असली ऑपरेशने आपण स्वतः किती केलीत? परत झाला तर पुढे काय? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडून निदान आणखी एक मत घेण्याइतका वेळ आपल्याकडे आहे. सी. टी. स्कॅन तर व्हायलाच हवा. हर्निया केवढा ते कळते आणि जुना आजार डोके वर काढत नाही ना, हेही पाहता येते. यजमान तंबाखू खात किंवा ओढत असतील तर ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी ती सुटली पाहिजे. साखर, रक्तदाब, खोकला, वजन यांचा बंदोबस्त आधी. एवढे नीट करायचे तर दिवाळी आणि संक्रांत यांच्यामधले दिवस पुरत नाहीत.

आता ती काठी. मला हे लिहिणे जड जाते, पण बाईंनी विचारले आहे आणि घरात कुणी बोलत नाही असे दिसते. उद्या ऑपरेशन झाले, उत्तम झाले, तरी या जानेवारीत नंदीध्वज उचलणे नाही. जाळी धरायला आठवडे नव्हे, महिने लागतात. आणि खरे सांगायचे तर पुढच्या जानेवारीतही नाही. पोटाच्या जोरावर तोलायचे ते ओझे या पोटाने आता उचलू नये. ज्या गोष्टीसाठी ते ऑपरेशन मागत आहेत ती गोष्ट ऑपरेशनने मिळणार नाही. हे त्यांना आधी कळले पाहिजे, टाके काढल्यानंतर नव्हे. आणि ते डॉक्टरांनी सांगण्याआधी आपण सांगितलेत तर बरे. मुलाने तर मुळीच सांगू नये.

पण मिरवणुकीत चालणे, अक्षता टाकणे, हे का सोडावे? गळती थांबली तर ते याच संक्रांतीला होण्यासारखे आहे, चाकूशिवाय. बाराबंदी सैल असते, बगलेत बंदांनी बांधतात. तिच्याखाली पट्टा आणि पिशवी कुणाला दिसतही नाही.

१९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिझ सोरेन्सन नावाची एक परिचारिका होती. तिची बहीण थोरा हिला असाच स्टोमा झाला आणि गळेल या भीतीने ती घराबाहेर पडेनाशी झाली. बहिणीची ती कोंडी पाहवेना म्हणून एलिझने चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना काढली आणि कारखानदारांच्या मागे लागून ती करवून घेतली. आपले यजमान आज वापरतात ती पिशवी तिथून आली. म्हणजे ती मुळातच घरी बसलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी निघालेली वस्तू आहे.

इतक्यावरही ऑपरेशनचे ठरले, तर यात्रेनंतर, उन्हाळा तापण्याच्या आधी उरकावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने पिशवी सुटते आणि ताज्या जखमेला ते सोसत नाही. दवाखान्यात जाताना पारदर्शक, खालून रिकामी करता येणारी पिशवी न्यावी, म्हणजे स्टोमाचा रंग परिचारिकांना न काढता दिसतो. खोकला आला तर पोटाशी धरायला एक छोटी उशी न्यावी. पिशवीत पहिला वारा आला की आतडे जागे झाले असे समजावे. तोवर पाजण्या-भरवण्याची घाई नातेवाइकांनी करू नये, सोलापूरची कडक भाकरी तर राहोच. आणि एक सांगायचे राहिले : ऑपरेशनआधी स्वस्त मिळतात म्हणून पिशव्यांचा मोठा साठा करू नका. स्टोमा आधी सुजतो, मग सहा-आठ आठवडे हळूहळू आवळत जातो. त्या दिवसांत दर आठवड्याला माप घेऊनच भोक कापावे लागते.