बाई हरली, पण बायकांचं काय झालं?

भिवंडीतल्या आमच्या केंद्रावर दर गुरुवारी दुपारी बायका जमतात. शिवून आलेल्या कपड्यांचे धागे कापायचं काम सोबत आणतात. हात कात्रीवर, कान पेपराकडे. मराठी आणि इंग्रजी पेपर मी वाचून सांगते, उर्दू पेपर दहावी झालेली एक मुलगी वाचते. मग ज्याला त्याला काय वाटेल ते बोलायचं, एवढाच नियम.

७ नोव्हेंबर २०२४ ला गुरुवारच होता. डोनाल्ड ट्रम्प अमेरिकेचे पुन्हा राष्ट्राध्यक्ष होणार, ही बातमी त्या दिवशी सगळ्याच पेपरांच्या पहिल्या पानावर होती. पण तिन्ही भाषांतले पेपर शेजारी ठेवले तेव्हा वाटलं, निवडणुका तीन वेगवेगळ्या देशांत झाल्या की काय! इंग्रजीत बाजार होता. निकालाच्या दिवशी सेन्सेक्स नऊशे अंशांनी चढला, आता एच-वन-बी व्हिसाचं काय होणार, वगैरे. (गुरुवारी तोच सेन्सेक्स आठशेहून अधिक अंशांनी उतरलासुद्धा.) मराठीत कमला हॅरिस यांचं आजोळ होतं. तामिळनाडूतलं तुलसेंद्रपुरम, तिथल्या देवळातल्या पूजा आणि 'आपली' मुलगी हरल्याची हळहळ. उर्दूत गाझा होतं. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नचे अरब मतदार बायडेन-हॅरिस सरकारवर का चिडले, याची चर्चा होती. याच ट्रम्प यांनी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेची दारं बंद केली होती, याचीही आठवण होती.

यातलं काहीच खोटं नव्हतं. प्रत्येक पेपराने आपला वाचक कोण हे आधी ठरवलं होतं आणि त्याला हवी ती बातमी वाढली होती. इंग्रजीचा वाचक शेअरवाला, मराठीचा वाचक अमेरिकेतल्या मुलाचा बाप, उर्दूचा वाचक आधी मुसलमान, मग बाकी सारं. मांडीवर कपड्यांचा ढीग घेऊन बसलेली बाई मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती.

तेवढ्यात एकीने विचारलं, "ताई, वहाँ की औरतों ने वोट किस बात पर दिया?"

समोरच्या तीन पेपरांत उत्तर नव्हतं. ते मला नंतर शोधावं लागलं.

१९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने अमेरिकेतल्या बायकांना गर्भपाताचा हक्क मिळाला होता. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. काढून घेणाऱ्या न्यायाधीशांपैकी तिघं ट्रम्प यांनी नेमलेले होते. राष्ट्राध्यक्ष निवडला त्याच दिवशी दहा राज्यांत या हक्कावर थेट मतदान झालं आणि सात राज्यांत कौल हक्काच्या बाजूने लागला. मिसुरीत जवळजवळ संपूर्ण बंदी होती. तिथल्या मतदारांनी ट्रम्प यांना जिंकवलं आणि त्याच मतदानात गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. फ्लोरिडात ५७ टक्के लोक बाजूने होते, पण अट ६० टक्क्यांची, म्हणून तिथे हरले. म्हणजे एक बाई हरली हे खरं, पण सगळ्या बायका हरल्या असं नाही. कोण जिंकलं, कोण हरलं एवढंच लिहिणाऱ्या बातमीतून हे कळत नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या गर्भपाताचं भिवंडीला काय? आहे, मैत्रिणींनो. आमच्या वस्तीत 'गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे' अशा पाट्या आहेत. त्या वाचून कितीतरी बायका गर्भपातच गुन्हा आहे असं धरून चालतात. त्यात २०२२ मध्ये टीव्हीवर अमेरिकेची बातमी झळकली. तीन मुलींची आई, नवरा यंत्रमागावर, "अब तो कोर्ट ने ही बंद कर दिया" म्हणत घरीच बसून राहिली. कोर्ट कुठल्या देशाचं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा मुदत उलटून गेली होती.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती त्याला पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यातून अविवाहित बाईला वगळता येणार नाही. अमेरिकेच्या निकालानंतर अवघ्या तीन महिन्यांनी! परदेशाची बातमी देताना त्याखाली 'आपल्याकडचा कायदा असा आहे' एवढ्या दोन ओळी छापल्या असत्या, तर त्या बाईचे दिवस फुकट गेले नसते.

पेपर मालकाचा असतो, आपण काय करणार, असं आपण म्हणतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही असं ठरवलं. मालक जेफ बेझोस, ज्यांच्या अॅमेझॉनचा माल आपल्या भिवंडीच्या गोदामांतून जातो. निर्णय योग्य की अयोग्य, यावर तिथे वाद झाला. पण अडीच लाखांच्या आसपास वाचकांनी वर्गणी बंद केली. वाचक गप्प बसला नाही, हे महत्त्वाचं.

आपली वर्गणी मोठी नाही, पण पोस्टकार्ड आहे. आम्ही तिन्ही भाषांतल्या संपादकांना लिहिलं, "तुमच्या बातमीत आम्ही कुठे आहोत?" एकाने पत्र छापलं, प्रश्नाची ओळ गाळून. आम्ही ती ओळ पुन्हा लिहून पाठवली आहे. तुम्हीही पाठवा. आणि जमेल तिथे एकाऐवजी दोन भाषांतले पेपर शेजारी ठेवून, मोठ्याने, चारचौघींत वाचा. एकटीने वाचताना जे सुटतं, ते कुणीतरी विचारतंच.