हट्ट कोणाचा?

'मुलं ऐकतच नाहीत हो!' ही तक्रार आता परभणी शहरापुरती राहिलेली नाही. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या खेड्यांतल्या आयाही हेच म्हणतात. टपरीवर रंगीत पाकिटांच्या माळा लोंबत असतात आणि पोर तिथून हलत नाही. पण हा हट्ट खरोखर पोराचा असतो का? मला तसे वाटत नाही. तो आधी जाहिरातवाल्याने पेरलेला असतो. पाकिटावरचे कार्टून, आतले खेळणे, मोबाइलवरच्या खेळात मध्येच डोकावणारी जाहिरात, हे सारे आईबापांना ओलांडून थेट मुलाशी बोलते. गोष्ट कुठे संपली आणि विक्री कुठे सुरू झाली, हे सात वर्षांच्या पोराला कसे कळावे?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी घातली आहे. चिलीने २०१६ मध्ये अशा पाकिटांवरची कार्टूनच काढायला लावली. जागतिक आरोग्य सभेने २०१० मध्ये याविषयीच्या शिफारशी मान्य केल्या. आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बजावले, की नियम सक्तीचेच हवेत.

'परदेशाचे कौतुक पुरे' असे कोणी म्हणेल. मग आपलेच पाहू. बाळाच्या दूधभुकटीच्या जाहिराती आपण १९९२ च्या कायद्याने बंद केल्या. डबा आजही मिळतो, जाहिरात मात्र करता येत नाही. मग तान्ह्या बाळाला दिलेले हे संरक्षण ते शाळेत जाऊ लागल्यावर का संपावे?

थोडे संरक्षण आहेही. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार साखर, मीठ आणि घातक चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. तसा फलक फाटकावर लावणे ही शाळेची जबाबदारी आहे. आपल्या मुलांच्या शाळेवर तो आहे का, हे पालकांनी पाहावे आणि नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारावे. मात्र टपरीवाल्याच्या पोटावर पाय नको. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे ज्वारीचे वाण दिले, तिथे त्याच्या टपरीवर ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, गूळ-शेंगदाणे का दिसू नयेत?

शाळेसमोरचे ५० मीटर मोजायला एक फीत पुरेल. मोबाइलला मात्र फाटक नाही. तिथे आईचा धाक पुरणार नाही, कायदाच हवा.