झाकणाला चुंबकच बरे

इलेक्ट्रिक गिटार आता स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर नवलाची राहिलेली नाही. पण ती वाजविणाऱ्या आपल्या मित्रांपैकी कितीजणांनी तिची पाठ उघडून पाहिली आहे? पुष्कळ गिटारींच्या पाठीत लाकडात कोरलेली एक पोकळी असते. आवाज व स्वर कमीजास्त करणारे पॉट, एक कपॅसिटर, तारांचे डाख आणि क्वचित नऊ व्होल्टची बॅटरी, एवढा संसार तीत मांडलेला असतो. त्यावरचे झाकण कारखानदार बहुधा स्क्रूंनी आवळतो. माझे म्हणणे असे की, जे झाकण वरचेवर उघडावे लागते ते चुंबकावर बसवावे.

स्क्रूशी माझे वैर नाही. एकदा पिळून वर्षानुवर्षे विसरून जायचे असेल तर त्याच्यासारखा इमानी नोकर नाही. पण लाकडातले आटे म्हणजे लोखंडातले आटे नव्हेत. स्क्रू काढला-घातला की तंतू झिजतात आणि एके दिवशी तो नुसताच गरगर फिरू लागतो. मग भोकात सरसाने आगकाडीची चीप बसवायची. उपाय उत्तम आहे. पण बॅटरीसाठी दर दोनतीन महिन्यांनी झाकण काढणाऱ्याने आगकाड्या तरी किती भराव्यात? शेवटी चिकटपट्टी येते, नाहीतर झाकणच हरवते. आणि ज्याला ही कटकट नको असते तो झाकणाला हातच लावीत नाही. सुटलेला एखादा डाख दहा मिनिटांत लागतो, पण तो दिसतच नसल्यामुळे गिटार दुकानात जाते आणि खिशातले पैसेही तिच्यामागून जातात.

पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी येथे हरकत घेतील : पिकअपमध्येही चुंबकच असते, मग झाकणाचे चुंबक त्याच्या कामात ढवळाढवळ करणार नाही काय? फॅरडेने १८३१ साली दाखविले ते आठवावे. वेटोळ्यात वीज निर्माण होते ती बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे. जागच्या जागी बसलेले चुंबक आपण होऊन आवाज काढीत नाही, आणि इवल्याशा चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. पिकअपच्या अगदी खाली ते बसवू नये, एवढेच पथ्य.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती लाकडाची आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये मासातो सागावा व अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधलेली निओडिमियमची चुंबके इतकी जोरकस असतात की, झाकण ओढताच चुंबक चुंबकाला सोडीत नाही, लाकडाला सोडते! त्यांच्यावर निकेलचा गुळगुळीत मुलामा असतो. त्यावर झटपट चिकटणारा गोंद फार काळ टिकत नाही. म्हणून मुलामा पॉलिश पेपरने किंचित खरवडावा, स्पिरिटने पुसावा, सपाट तळाचे भोक पाडावे आणि ॲराल्डाइटसारख्या दोन नळ्यांच्या एपॉक्सीने चुंबक बसवून रात्रभर हलवू नये. नुसते घट्ट ठोकून बसविण्यावर मात्र भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, आणि हे चुंबक हातोडीखाली काचेसारखे तडकते. मला विचाराल तर मध्ये छिद्र असलेले चुंबक घेऊन ते पोकळीत पितळी स्क्रूने हलकेच आवळावे, म्हणजे सगळा ताण गोंदावर येत नाही. (पाहिलेत ना, स्क्रूला मी नोकरीवरून काढलेले नाही!)

झाकण लाकडातल्या खाचेत नीट बसत असेल तर ते बाजूला सरकू न देण्याचे काम खाचच करते. चुंबकाने ते फक्त धरून ठेवायचे. मग सहा मिलिमीटर व्यासाची चार चुंबकेही पुरतात. जोडीला झाकणात चुंबकाऐवजी पोलादी चकत्या बसविल्या तर ध्रुवांचा घोळच उरत नाही. दोन्हीकडे चुंबकेच हवी असतील तर गोंद लावण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला शाईचा ठिपका द्यावा. एखादे उलटे चिकटले तर झाकण बसायचे सोडून वर उडते. आत तांब्याचा पत्रा लावून गुणगुण अडविली असेल तर झाकणाचा पत्रा पोकळीतल्या पत्र्याला टेकतो ना, तेही पाहावे, कारण पूर्वी हा सांधा पुष्कळदा स्क्रूच जुळवीत असे. आणि कडेला नख शिरेल एवढी जागा ठेवायला विसरू नये. नाहीतर झाकण उघडायला पुन्हा स्क्रूड्रायव्हरच शोधत बसावे लागेल.